नक्षीने काय काय सोडलं

आमच्या इमारतीत सकाळी कुणाला गजर लावावा लागत नाही. तळमजल्यावरच्या बेकरीची भट्टी तापली की पावाचा वास जिना चढत वर येतो आणि दाराच्या फटीतून आत शिरतो. बेकरीच्या बरोबर डोक्यावर बेकरीवाल्यांचं घर आहे आणि त्यांच्या दारासमोर आमचं. मधे दोन पायपुसणी आणि चपलांचं एक कपाट, एवढंच काय ते अंतर. त्यांच्याकडे कुणी शिंकलं तर आमच्याकडून "वाफ घ्या हो" अशी हाक जाते.

त्या घरात तेव्हा तीन मोठी माणसं. गल्ल्यावर बसणाऱ्या थोरल्या बाई, भट्टीवर त्यांचा मुलगा, ज्याला सगळी गल्ली दादा म्हणते, आणि केकच्या टेबलाशी त्यांची सून, नक्षी.

नक्षी हे काही तिचं खरं नाव नाही. ते सासूने ठेवलं, तेसुद्धा ती सून व्हायच्या आधी. केक सजवायला मुलगी पाहिजे म्हणून दुकानात पाटी लावली होती, आणि ही आली. थोरल्या बाईंनी क्रीमची पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "काढ काहीतरी." येणारी प्रत्येक मुलगी गुलाब काढायची. हिने गुलाबाच्या वाटेला न जाता केकच्या कडेने बारीक जाळी विणत नेली, आणि जिथून सुरुवात केली तिथे ती अशी जुळवली की सांधा शोधून सापडेना. थोरल्या बाई चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "पोरीच्या हातात नक्षी आहे." झालं, तेच नाव पडलं. पुढे दादा भट्टी सोडून वरचेवर केकच्या टेबलापाशी पाणी प्यायला यायला लागला. हे पाणी कुठे मुरतंय ते आईच्या लक्षात आलं, आणि त्यांनीच लग्न लावून दिलं.

या घराला एका गोष्टीचा फार अभिमान. गिऱ्हाईक चेष्टेने म्हणायचं, "तुमचं काय बाई, दिवसभर केकच केक." त्यावर थोरल्या बाईंचं उत्तर ठरलेलं असे: "आमच्याकडे जाड माणूस पाहिलंत का कुणी? विकणाऱ्याने खायचं नसतं. खाणारा बेकरी बुडवतो." आणि ते खरंही होतं. त्यांच्या घरी मी बशीत केक कधी पाहिला नाही. चहाबरोबर सुका पाव, तोही आदल्या दिवशीचा.

मग बाळ झालं. मुलगी. काळंभोर जावळ, आणि कपाळावर बापासारखीच आठी. जन्मल्यापासून ती दुधाच्या गुळण्या काढायची. तशा कुठलं मूल काढत नाही? पण ही काढायची म्हणजे पाजून खांद्यावर घेतलं रे घेतलं की भळ्ळकन सगळं बाहेर, आणि वर आपली हसायची. दादा ओरडायचा, "कारंजेबाई आल्या, छत्र्या उघडा!" तेव्हापासून पोरगी कारंजेबाईच झाली. घरातल्या प्रत्येकाच्या खांद्यावर चोवीस तास फडकं असे. माझ्याही. एकदा मी ते फडकं खांद्यावर तसंच ठेवून बाजारात गेले, तर भाजीवाला म्हणाला, "ताई, हॉटेलात नोकरी धरलीत?"

तेव्हा हे सगळं हसण्यावारी जात होतं.

पुढे कधीतरी, कुणाच्या लक्षात न येता, हसत हसत गुळणी काढणारं बाळ रडत रडत काढायला लागलं. छातीशी घेतलं की दोन घोट प्यायचं, एकदम तोंड सोडायचं, धनुष्यासारखं मागे वाकायचं आणि किंचाळायचं. भूक आहे म्हणून पुन्हा तोंड लावायचं, पुन्हा वाकायचं. नक्षी खाली केक अर्धा टाकून वर पळायची, पाजायची, खाली यायची. टेकते न टेकते तोच वरून पुन्हा रडणं. थोरल्या बाई आणि मी आळीपाळीने बाळाला उभं धरून फिरायचो, कारण आडवं ठेवलं की पोटातलं वर येई.

त्या दिवसांत मी नक्षीची एक सवय पाहिली. ती रोज बाळाच्या झबल्याची बाही मनगटाकडे ओढून बघायची. मुलांचे कपडे भराभर आखूड होतात म्हणून आया कुरकुरतात. ही बाही आखूड व्हायची वाट पाहत होती, आणि बाही आपली होती तिथेच. बाळसं म्हणून जे काही धरलं होतं तेही उतरल्यासारखं दिसायला लागलं. आणि मग एका सकाळी लंगोट बदलताना तिला शीमध्ये रक्ताची एक बारीक रेघ दिसली.

ती लंगोट तसाच हातात घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी चपला घातल्या.

बाळांच्या डॉक्टरबाईंची खोली लहानशी. भिंतीवर हत्तीचं चित्र, टेबलावर वजनकाटा. त्यांनी बाळाला उलटंपालटं करून तपासलं, रेघ पाहिली, वजन पाहिलं. नक्षीचे डोळे काट्यावरून हलत नव्हते.

"गुळण्यांनी मी घाबरत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पोटाच्या तोंडाशी झाकण असतं, ते या वयात सैल असतं. वर्षाच्या आसपास बहुतेकांचं आपोआप घट्ट होतं. पण वजन अडलंय आणि ही रेघ आहे. कधी कधी आईने प्यायलेलं गाईचं दूध अंगावरच्या दुधातून बाळाकडे जातं आणि त्याला सोसत नाही. तसंच असेल असं मी म्हणत नाही. असू शकेल. तुम्ही दूध आणि दुधाचं सगळं काही आठवडे बंद करा. बाकी पोटभर खा. मग बघू."

"आणि तरी वजन नाही वाढलं तर?"

"तर अंगावरच्या दुधाच्या जोडीला डब्यातलं वेगळं दूध द्यावं लागेल. अशा बाळांसाठी मिळतं."

नक्षीने मान हलवली. जिना उतरताना ती मला म्हणाली, "ताई, डबा नको. माझे हात दिवसभर लोकांच्या पोरांच्या वाढदिवसाला असतात. हिला माझं म्हणून एवढंच देता येतं मला. तेही तिला बाधतंय म्हणजे काय समजायचं?"

मी बाळाची टोपी उगाच सरळ केली.

बेकरीवाल्यांच्या घरात दूध बंद करणं म्हणजे मच्छीमाराच्या घरात पाणी बंद करण्यासारखं. पण तिने केलं. चहा कोरा. दही, लोणी, तूप, सगळं बंद. दादाने तिच्यासाठी दुधाचा थेंबही नसलेला पाव वेगळा भाजायला सुरुवात केली आणि त्यावर सुरीने फुली मारून ठेवायचा. थोरल्या बाई पुटपुटायच्या, "आमची पोरं म्हशीच्या दुधावर वाढलेल्या आयांच्याच अंगावर वाढली," पण तिच्या ताटात चुकूनही दही पडू दिलं नाही त्यांनी. एकदाच त्या बोलून गेल्या. बाळ रडून लाल झालं होतं आणि गल्ल्यावर गर्दी होती. त्या म्हणाल्या, "पातळच असेल गं तुझं दूध, पोरीच्या अंगी लागत नाही." त्या दिवशीच्या केकवरची जाळी दोन ठिकाणी तुटलेली होती.

बरं, बेकरी म्हणजे गावगप्पांचा अड्डा. बाळाला सोसत नाही ही बातमी पावासोबत घरोघर गेली, आणि सल्ले परत आले.

"अंडं सोड," शाळेतल्या बाई म्हणाल्या. "माझ्या भाचीच्या मुलाचं अंड्यानेच झालं होतं."

"गहू असणार," कुरिअरवाला सही घेता घेता म्हणाला.

"डाळीने पोटात वारा धरतो," इति नक्षीची स्वतःची आई, फोनवरून. "आणि कोबी तर तोंडात घालू नकोस."

मोठ्या नणंदेने शेंगदाणे काढायला लावले. तिच्या नवऱ्याने टोमॅटो. ज्याला कुणाला काही ठाऊक नव्हतं त्याने "तिखट कमी कर बरं का" म्हणून आपला वाटा उचलला. आणि नक्षी प्रत्येकाचं ऐकत गेली. मी म्हटलं, "अगं, डॉक्टरबाईंनी फक्त दूध म्हटलं होतं." तर म्हणाली, "ताई, एवढं सोडलंय तर तेवढ्याने काय बिघडतं? नसलं तर नसलं. असलं तर?"

या "असलं तर" पुढे कुणाचं काय चालणार? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हिने ताक तर सोडलंच होतं, आता पाण्यालाही फुंकर घालायची बाकी होती. दादाचा फुलीचा पावही गव्हाचा म्हणून बंद झाला. तो भाजलेला पाव हातात धरून टेबलापाशी तसाच उभा राहिला होता, परत नेऊ की ठेवू या पेचात. शेवटी तिच्या ताटात मऊ भात, उकडलेला बटाटा आणि भोपळा एवढंच उरलं. गालाची हाडं वर आली. जिना चढताना ती मधल्या वळणावर कठड्याला धरून थांबायची, आणि मी दार उघडलं की "चप्पल निसटली" म्हणायची.

थोरल्या बाई एका दुपारी माझ्याकडे आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या. "शेजारीणबाई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा तिला. पोरगी वाळतेय ती वाळतेय, आई पण वाळतेय. मी बोलले की सासू बोलते. काय करू हो मी?" गल्ल्यावर कुणाचंही न ऐकणाऱ्या या बाईंना मी इतक्या खालच्या आवाजात बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

आणि बाळाला कशानेच फरक पडत नव्हता. तेच वाकणं, तेच किंचाळणं. रेघ मधेच नाहीशी व्हायची, मधेच पुन्हा दिसायची. झबल्याची बाही मनगटावर तशीच.

असंच एकदा मी बाळाला खांद्यावर घेऊन खाली बेकरीत उभी होते. भट्टीच्या उबेला ती जरा शांत व्हायची. नक्षीपुढे मोठ्या ऑर्डरचा केक होता. भांड्यात क्रीम फेटून झालं होतं. ती माझ्याशी बोलत होती, आवाजात नुसता थकवा.

"आता काय राहिलंय सोडायचं, ताई? दूध तर मी स्वप्नातसुद्धा प्यायले नाही. काल स्वप्नात कुणी पेढा..." ती अर्धवट हसली. "म्हटलं नको, बाळ लहान आहे."

बोलता बोलता तिने उलथन्याच्या टोकाने क्रीम उचललं, डाव्या हाताच्या पालथ्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी टेकवलं, आणि चाटलं. क्षणभर डोळे मिटले. चिमूटभर साखर अजून टाकली, फिरवलं, पुन्हा टेकवलं, पुन्हा चाटलं. मग मान हलवली आणि पिशवी भरायला घेतली.

"नक्षी," मी म्हटलं, "आत्ता काय केलंस?"

"साखर कमी होती."

"त्याआधी. हात चाटलास."

"चाखलं. चाखायला नको? न चाखता कसं देऊ?"

"क्रीम होतं ना ते? दुधाचंच ना?"

"अहो ताई, खाल्लं कुठे? चाखलं फक्त..." आणि ती थांबली. हातातली पिशवी तशीच धरलेली. टोकातून क्रीमचा एक थेंब हळूहळू मोठा होत टेबलावर पडला.

भट्टीकडून दादाने वळून पाहिलं. गल्ल्यावरून थोरल्या बाई उठून आल्या. त्यांनाही मी काय म्हणतेय ते लगेच उमगेना. त्या मला समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "शेजारीणबाई, चाखणं म्हणजे काही खाणं नव्हे हो. आम्ही सगळेच चाखतो, पण पोटात..." त्यांचाही शब्द तिथेच अडला. त्यांनी तिघांची तोंडं पाहिली. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलं होतं: जिभेवर ठेवलं ते कामाचं, ताटात वाढलं ते खाण्याचं. चाखलेलं पोटातच जातं हे त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पण त्यांच्या लेखी ते तिथे जात नव्हतं.

"दिवसातून किती वेळा?" दादाने हलकेच विचारलं.

क्रीमचं प्रत्येक भांडं, प्रत्येक भांड्याला दोनतीनदा. शिवाय कस्टर्ड, दुधातलं चॉकलेट. नक्षी स्टुलावर बसली, पालथा हात ॲप्रनला पुसत राहिली, आणि पुसून लाल झाला तरी पुसत राहिली. "सगळे आठवडे फुकट," ती म्हणाली. "भात-भोपळा खात बसले, आणि इथे हिला विष..."

"विष काय गं," थोरल्या बाई ओरडल्या. "तोंड आवर!" मग स्वतःच तिचा हात धरून पुसणं थांबवलं.

त्या दिवसापासून चाखणं बंद. मग चाखणार कोण? थोरल्या बाईंच्या जिभेला आता गोड आणि फार गोड यातला फरक कळत नव्हता, त्या प्रत्येक भांड्याला "छान!" म्हणायच्या. दादा पावाचा माणूस. क्रीम चाखून विचार करून करून म्हणायचा, "बरंय." नक्षी विचारायची, "बरंय म्हणजे साखर हवी की पुरे?" तो पुन्हा चाखायचा. "म्हणजे, बरंय." एकदा तिने माझ्यावर ही कामगिरी सोपवली. मी मन लावून चाखलं आणि म्हटलं, "मस्त आहे गं." तिने कपाळाला हात लावला.

शेवटी तिने नुसत्या नजरेने आणि हाताच्या अंदाजाने काम करायला सुरुवात केली. रोज धास्ती, की आज कुणीतरी केक परत घेऊन येणार. कुणी आणला नाही. एक आजोबा तर मुद्दाम सांगून गेले की नेहमीसारखाच फक्कड होता. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "नेहमीसारखा नव्हता हो. मला ठाऊक आहे. कुणालाच कसं कळत नाही?" यात आनंद मानायचा की दुःख, हे आम्हा दोघींनाही ठरवता आलं नाही.

आणि बाळ? रेघ गेली. ती पुन्हा दिसली नाही. किंचाळणंही थोडं उतरलं. कधी कधी अख्खं दूध न वाकता प्यायची. पण कारंजं तसंच. खांद्यावर घ्यायचा अवकाश, भळ्ळकन सगळं बाहेर. कधी वाटायचं सुधारतेय, दुसऱ्या दिवशी वाटायचं कसलं काय. दात येत होते म्हणून रडत होती की दुधाने, सर्दीने की गर्मीने, कुणी छातीठोकपणे सांगू शकलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते.

पुन्हा वजनाचा दिवस आला. थोरल्या बाईंनी दुकानावर "थोड्या वेळात येतो" ची पाटी लावली, जे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं, आणि आम्ही सगळेच गेलो. काट्यावर बाळ ठेवलं. डॉक्टरबाईंनी पाहिलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"वाढलंय," त्या म्हणाल्या. दादाने श्वास सोडला. "पण जेवढं वाढायला हवं तेवढं नाही."

मग त्यांनी नक्षीकडे पाहिलं, बाळाकडे पाहतात तसं. डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. "तुम्ही काय काय खाता?"

तिने सांगितलं. सांगायला वेळ लागला नाही.

"मी फक्त दूध म्हटलं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "अंडी, डाळ, गहू, सगळं आजपासून सुरू करा. तुम्ही उपाशी राहून बाळाचं पोट भरणार नाही. दूध मात्र बंदच ठेवा. रेघ गेलीय, तेव्हा त्याचा काही संबंध असावा. आणि दोन वेळा वरचं दूध द्या. हे घ्या नाव."

"म्हणजे माझं बंद?"

"बंद कशाला? तुमचं पाजा. हे जोडीला."

"म्हणजे माझं पुरत नाही," नक्षी म्हणाली. डॉक्टरबाई समजावत होत्या, की पोटात जातं त्यातलं बरंच बाहेर येतं, भर घालावी लागते, यात आईचा दोष नसतो. ती "हो" "हो" म्हणत होती. ऐकत नव्हती हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

डबा आला. तो टेबलावर ठेवला तेव्हा घरात परकं माणूस येऊन बसल्यासारखं वाटलं. दादाने पाणी उकळून गार केलं, डब्यावरचं दोनदा वाचून मापाने भुकटी घातली. उघडल्याबरोबर असा काही वास सुटला की थोरल्या बाईंनी पदर नाकाला लावला. "हे पोरीला पाजायचं? हे तर मी फरशीलाही..." दादाने त्यांच्याकडे पाहिलं.

नक्षीने बाटली हातात घेतली नाही. "आई, तुम्ही द्या," म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

बाळाने आधी तोंड वेंगाडलं. जिभेने बाटलीचं निपल बाहेर ढकललं. थोरल्या बाईंनी लाडीगोडी लावली, गाणं म्हटलं, मला नाचायला लावलं. मी नाचले. हळूहळू, कपाळावरची आठी तशीच ठेवून, कारंजेबाई प्यायल्या. बरंचसं प्यायल्या. थोरल्या बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी तिला अगदी हळू उचललं, खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला. छोटासा ढेकर आला.

"बघ," त्या विजयाने म्हणाल्या, "राहिलं की नाही पोटा..."

भळ्ळकन. फडकं, साडी, खुर्ची, खालची चटई. आणि तो वास.

थोरल्या बाई हात पसरून पुतळ्यासारख्या उभ्या. आणि मग खिडकीकडून आवाज आला. मला वाटलं नक्षी रडतेय. ती हसत होती. खिडकीचा कठडा धरून, खांदे हलवत. "म्हणजे," तिला बोलता येईना, "म्हणजे माझंच दूध पातळ नव्हतं, आई! डब्याचं पण..." दादाला हसू फुटलं. मलाही. अंगभर ओघळ घेऊन उभ्या असलेल्या थोरल्या बाईही हसायला लागल्या. सगळ्यांकडे टकामका बघत कारंजेबाई स्वतः हसल्या, हनुवटीवर दुधाचा थेंब घेऊन.

मग नक्षीचं हसू एकदम थांबलं. तिने तोंडावर हात ठेवला. "मला आनंद झाला," ती हळूच म्हणाली. "तिने ओकलं आणि मला आनंद झाला, ताई. पोटात काहीच नाही राहिलं तिच्या, आणि मला..." तिने धावत जाऊन बाळाला घेतलं, तसंच चिकट, तसंच वासाचं, आणि छातीशी लावलं. बाळ प्यायला लागलं. आम्ही तिघं त्या पिणाऱ्या गालाकडे बघत उभे होतो, काट्याकडे बघावं तसे.

बाळ पिऊन झाल्यावर दादाने तिला उभं धरून फिरवायला घेतलं. थोरल्या बाई साडी बदलून आल्या त्या स्वयंपाकघरातून बशी घेऊनच. बशीत एक उकडलेलं अंडं, दोन फोडी केलेलं, मीठ घातलेलं. त्यांनी ती नक्षीपुढे ठेवली.

"खा. डॉक्टरांनी सांगितलंय."

नक्षीने अंड्याकडे पाहिलं. किती दिवसांत तिच्यापुढे भात-बटाटा-भोपळ्याव्यतिरिक्त काही आलं नव्हतं. हात पुढे केला, मागे घेतला.

"आई, हे खाल्लं आणि पुन्हा रेघ आली तर?"

मला वाटलं, आता थोरल्या बाईंचा पट्टा सुरू होणार. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर असे, आणि नसलं तर एखादी म्हण असे. त्या तिच्या शेजारी बसल्या. खोलीत दादाच्या पावलांचा आवाज, आणि बाळाचा कुरकुरता सूर.

"आली तर येईल," त्या म्हणाल्या. "मग पुन्हा जाऊ डॉक्टरांकडे. ते सांगतील ते करू. ओकली तर पुसू. दुसरं काय येतंय बाई आपल्याला?"

नक्षीने एक फोड उचलली. तोंडात घातली आणि चावायला विसरल्यासारखी बसून राहिली. तिचे डोळे दादाच्या खांद्यावर, बाळाच्या पाठीवर होते. मग ती सावकाश चावायला लागली. दुसरी फोड तिने बशीतच ठेवली. थोरल्या बाईंनी आग्रह केला नाही. बशी तिथेच राहू दिली, हाताच्या अंतरावर, आणि आम्ही सगळे बाळाकडे बघत बसलो.